फुग्यातले तमिळ तसेच राहील

माझी पत्नी सेलमची आहे. तमिळनाडूतल्या या शहरात पैंजण बनतात आणि माझ्या गावी, कोल्हापूरजवळच्या हुपरीतही पैंजण बनतात. आमच्या लग्नाचे मूळ कारण एवढेच. बाकी लोक जी गोष्ट सांगतात ती नंतर रचलेली आहे.

हुपरीतले अनेक जण माल घेऊन सेलमला जातात. माझ्या चुलत्यांनी तिथे खोली घेतली होती. ते आजारी पडले तेव्हा घरातून जाण्यासारखा मीच होतो, कारण मी चांदीच्या कामात नव्हतो. कोल्हापुरातल्या एका दैनिकात डेस्कवर होतो, म्हणजे इतरांनी लिहिलेले दुरुस्त करत होतो, आणि माझी रजा शिल्लक होती. चुलत्यांच्या खोलीखाली एक कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि एक कुटुंब. त्या कुटुंबातली थोरली मुलगी औषधे कुठे मिळतात ते मला सांगू पाहत होती. मला तमिळ येत नव्हते, तिला मराठी येत नव्हती आणि दोघांचे इंग्रजी औषधाच्या दुकानापुरतेही पुरत नव्हते. शेवटी तिने कागद घेतला आणि चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत चुलते खाटेवर. दुसरीत मी, चुकीच्या गल्लीत. तिसरीत बरोबर गल्ली आणि कोपऱ्यावर बांधलेला बैल. बैल खरोखर तिथे होता.

चुलते बरे झाले. चौकटी थांबल्या नाहीत. मी कोल्हापूरला परतल्यावर त्या फोनवर येऊ लागल्या, आणि उत्तरादाखल मीही काहीतरी काढून पाठवू लागलो. माझी माणसे काड्यांची असत. दोन वर्षांनी आम्ही लग्न केले.

दोन्ही घरे आनंदात होती असे लिहिणे चुकीचे ठरेल. आमचे घर जैन. सूर्य मावळला की चूल बंद. तिच्या घरी सूर्य मावळल्यावर स्वयंपाकाला सुरुवात होते आणि सांबारात छोटे कांदे नसले तर त्याला सांबार म्हणत नाहीत. माझे वडील, ज्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात, ते लग्नाला आले आणि फोटोत हसले नाहीत. तिचे वडीलही हसले नाहीत. त्या फोटोत दोन व्याही अगदी सख्ख्या भावांसारखे दिसतात.

लग्नानंतर आम्ही पंधरा-वीस दिवस हुपरीत राहिलो. त्या दिवसांत जे घडले, त्यावरच पुढचे सगळे उभे आहे.

आमच्या घरात एक रीत होती. गावात सगळीकडे ती आहे असे नाही. आमच्या घरात होती. सून आली की तिच्या माहेरचे पैंजण उतरवायचे, मुशीत घालायचे, घरच्या चांदीबरोबर वितळवायचे आणि त्या रसातून तिच्यासाठी नवे पैंजण घडवायचे. हा मान समजला जाई. तिची चांदी आमच्या चांदीत मिसळली, ती घरची झाली. माझ्या आजीने हे केले होते, आईचे असेच झाले होते. कुणी कधी समजावून सांगितले नाही, कारण ज्यांना सांगायचे त्या सगळ्या आधीच जाणून असत.

एका दुपारी आई माझ्या पत्नीसमोर पाटावर बसली. तिचे पाय मांडीवर घेतले आणि दोन्ही पैंजण काढले. पत्नीने आपणहून पाय पुढे केले, कारण सेलमला सणाच्या आधी पैंजण असेच काढून उजळायला देतात. तिला वाटले, आता लिंबू किंवा रिठे येतील. आई पैंजण घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथे भट्टी पेटलेली होती. पत्नी कौतुकाने मागोमाग गेली. तिलाही भट्टी घरचीच. आण्णांनी एक पैंजण मुशीत सोडला.

ते पैंजण तिच्या वडिलांनी तिच्यासाठी केले होते. सेलमची घडण चपटी, रुंद, घुंगरू अगदी कमी. चांदी मऊ पडून आकार सोडते तो क्षण चांदीच्या घरातल्या माणसाला लांबूनही कळतो. तिने तो पाहिला. आण्णांच्या हातात सांडशीत दुसरा पैंजण होता.

ती एक वाक्य बोलली. तमिळमध्ये. ओरडली नाही. वाक्य फार लांब नव्हते.

खोलीत आण्णा होते, आई होती, माझा धाकटा भाऊ होता आणि मी होतो. कुणालाही त्यातला एक शब्द समजला नाही. आण्णांनी सांडशी तशीच हवेत धरली. भट्टीचा पंखा चालू होता. मग आई उठली, आण्णांच्या सांडशीतून दुसरा पैंजण काढून घेतला, पदराने पुसला आणि खाली बसून तिच्या डाव्या पायात परत घातला.

आण्णा म्हणाले, "अगं, आता एक कशाला ठेवतीस? दोन्ही मुशीत घाल की."

आई म्हणाली, "एकच इतळलाय. एकच हुईल."

त्या रसातून एकच पैंजण झाला. हुपरीची घडण, बारीक कड्यांची, घुंगरू गच्च. कड्या आईने स्वतः जोडल्या. तो उजव्या पायात. तेव्हापासून आजपर्यंत पत्नीच्या डाव्या पायात सेलम आहे आणि उजव्यात हुपरी. ती चालते तेव्हा एका पावलाला आवाज येतो, दुसऱ्याला जवळजवळ नाही. आम्ही राहतो त्या राजारामपुरीतल्या इमारतीत जिन्यावर ती आहे की दुसरे कुणी, हे खालच्या मजल्यावरच्यांनाही ओळखता येते.

वाक्याचा अर्थ तिने मला नंतर सांगितला. आईने कधीच विचारला नाही.

तिच्या फोनवर प्रेमकथांची कॉमिक्स असायची. अंगठ्याने वर सरकवत वाचायची, आठवड्याला एक भाग येणारी. त्यात एका देशातला मुलगा, दुसऱ्या देशातली मुलगी, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तिच्याबरोबर मीही वाचू लागलो आणि डेस्कच्या सवयीने साचा शोधू लागलो. तो सापडायला वेळ लागला नाही. आधी जेवताना फजिती. मग सासूच्या कपाळावर आठ्या. मग मुलगी गुपचूप शिकवणी लावते. शेवटच्या भागात ती मुलाच्या आईसमोर, मुलाच्या भाषेत, एक संपूर्ण वाक्य बिनचूक बोलते. आईचे डोळे भरतात. समाप्त. मुलाला मुलीच्या भाषेतले दोन शब्द आले तरी बाकीची पात्रे त्याचे कौतुक करतात.

"दर वेळंला तीच का शिकती?" पत्नीने एकदा विचारले.

"तीच राहायला आलेली असते म्हणून."

"मग त्याला जायला काय झालंय? पाय हायेत की."

एव्हाना तिला कोल्हापुरी बऱ्यापैकी येऊ लागली होती. पुस्तकी मराठी आजही येत नाही. रिक्षावाल्याला ती "पावणं, जरा दमानं" म्हणते आणि रिक्षावाला मागे वळून पाहतो. मीही तमिळ शिकलो. सासऱ्यांशी फोनवर पावसावर आणि चांदीच्या भावावर बोलता येते, याहून जास्त नाही. पण मी शिकलो याचे कौतुक करणाऱ्याला ती थांबवते.

आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत एकदा अर्धे पान रिकामे पडले. पुरवणी पाहणाऱ्या साहेबांनी तिची चित्रे माझ्या फोनवर पाहिली होती. त्यांनी ती मागितली. अशा रीतीने चित्रकथा सुरू झाली. एक कोल्हापूरचा नवरा, एक सेलमची बायको, सहा चौकटी. चित्रे तिची, मराठी अक्षरे मी हाताने लिहीत असे. पद्धत अशी ठरली की नवऱ्याचे, सासूचे, दुकानदाराचे बोलणे मराठीत, आणि बायको ज्या भाषेत बोलली असेल त्याच भाषेत तिचे बोलणे. कोल्हापुरीत बोलली तर कोल्हापुरीत. तमिळमध्ये बोलली तर बोलण्याच्या फुग्यात तमिळ लिपी, खाली काही नाही. चित्रावरून समजायचे तेवढे समजे. तिने पातेल्याकडे बोट दाखवून तीन तमिळ शब्द म्हटले, तर कांदे कुठे गेले हे विचारते आहे, हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही.

लोकांना चित्रकथा आवडली. फोनवर निरोप येत. त्यात एक प्रश्न वारंवार असे: वहिनींना मराठी कधी येणार? आणि एक तक्रारही: चित्रकार पायातल्या पैंजणात घोळ करतो, दोन्ही पाय वेगळे दिसतात, लक्ष द्यावे.

ऑफिसातल्या मांडणी करणाऱ्या मुलाने लक्ष दिले. एका रविवारी त्याने पान लावताना उजवा पैंजण उचलून डाव्या पायावर चिकटवला. सहाही चौकटींत. काम सफाईदार होते.

सोमवारी दुपारी ती ऑफिसात आली. मी तिला येताना पाहिले नाही, जिन्यावर ऐकले. ती थेट मांडणीच्या टेबलाशी गेली, साडीची कड चार बोटे वर उचलली आणि म्हणाली, "बघा की पावणं."

त्याने खाली पाहिले. "वैनी, मला वाटलं चुकून..."

"चूक न्हाय. ह्यो सेलम, ह्यो हुपरी."

"पण लोकं म्हणत होती..."

"लोकांच्या पायात हायेत का?"

तो मुलगा लाजला, मग हसला, आणि कॅन्टीनमधून चहा मागवला. साहेब तोवर काचेच्या केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी विचारले, दोन वेगळे का. तिने उभ्या उभ्या, कोल्हापुरी, इंग्रजी आणि हातांच्या साहाय्याने भट्टीची गोष्ट सांगितली. साहेबांनी चष्मा काढला. "अहो, मग हे काढा की! ह्याच्यासारखा विषय न्हाई."

तिने दोन आठवडे घेऊन तो भाग काढला. सहाऐवजी बारा चौकटी, पूर्ण पान. पाट, पाय, मूस, सांडशी. नवव्या चौकटीत ती उभी आणि डोक्यावर एक मोठा फुगा. फुग्यात ते वाक्य, तमिळमध्ये, जसे होते तसे. दहाव्या चौकटीत चार चेहरे, चौघांची तोंडे बंद. तिने माझा चेहराही त्यात काढला होता. बाराव्या चौकटीत फक्त दोन पाय.

साहेबांनी पान पाहिले. बराच वेळ पाहिले. मग मला केबिनमध्ये बोलावले. ती बाहेर खुर्चीवर बसली होती. दार उघडे होते.

"झकास झालंय," साहेब म्हणाले. "दोनच गोष्टी. खाली कंसात अर्थ दे. आणि शेवट जरा गोड करूया. तिनं सासूला 'आई' म्हणावं, मराठीत. सासूच्या डोळ्यात पाणी. लोक वर्षभर त्याचीच वाट बघाय लागल्यात."

"तसं झालेलं नाही," मी म्हणालो.

"अरे कथा आहे ही."

"ही झालेली गोष्ट आहे."

"बरं, शेवट राहू दे. अर्थ तर देशील? तू डेस्कवरचा माणूस. परका शब्द आला की कंस करायला तूच पोरांना शिकवतोस. वाचक अडखळला की पान उलटतो."

हे खरे होते. मी वर्षानुवर्षे ते शिकवत आलो होतो आणि आजही शिकवतो.

बाहेरून तिचा आवाज आला. "साहेब, त्या खोलीत चौघं होती. एकालाबी कळलं न्हाय. मग वाचणाऱ्याला का कळावं?"

"वाचकानं काय पाप केलंय?"

"पाप न्हाय. त्यानं तिथं उभं ऱ्हावं. आत्तै उभी होती तिथं." सासूला ती आत्तै म्हणते, तमिळमध्ये तसेच म्हणतात, आणि ते आत्याबाईसारखेच ऐकू येत असल्याने हुपरीत कुणाला परके वाटत नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "तू सांग."

मी माझ्या कामाच्या भाषेत सांगितले. त्या क्षणी खोलीत उपस्थित असलेल्या एकाही माणसाला त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि तरीही आईने पैंजण परत दिला. अर्थ छापला तर वाचकाला वाटेल, आईने वाक्य समजून पैंजण दिला. ती माहिती चुकीची होईल.

साहेबांनी पान पुन्हा समोर ओढले. ते वाईट गृहस्थ नाहीत. पुरवणीचे पान भरण्याची जबाबदारी त्यांची असते, माझी नसते. "कंस न्हाई तर मी छापू शकत न्हाई," ते म्हणाले.

"मग नका छापू," तिने बाहेरून सांगितले.

"अहो, आख्खं पान आहे. पहिल्यांदा आख्खं पान मिळतंय तुम्हाला."

"व्हय. पान तुमचं. पण बोलणं माझं हाय."

तिने आत येऊन कागद उचलले, गुंडाळले, आणि आम्ही निघालो. पुढच्या रविवारी त्या पानावर हिवाळ्यातील लाडवांचे प्रकार होते. चित्रकथा संपल्याची सूचना आली नाही. थोड्या दिवसांनी माझी बदली पुरवणीच्या मजल्यावरून बाजारभावाच्या पानावर झाली. चांदीचा भाव तिथेच लागतो. तो मी रोज लावतो आणि त्यात आजवर कुणी चूक काढलेली नाही.

आम्ही ते पान स्वतः छापायचे ठरवले. लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात गेलो. आधीचे निवडक भाग आणि शेवटी हा, अशी पातळ पुस्तिका. छापखान्याच्या मालकांनी पहिली प्रत उलटून पाहिली आणि बोट ठेवले. "पावणं, हितं कायतरी ऱ्हायलंय. ह्याचा अर्थ टाकायचा ऱ्हायला."

"काय ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली.

"लोकं आमाला नावं ठेवतील. छापखान्याची चूक म्हणतील."

"माझं नाव सांगा."

मालकांनी खांदे उडवले आणि मशीन सुरू केले. पुस्तिका छापून झाल्यावर मात्र त्यांनी आपल्यासाठी एक प्रत बाजूला काढली. त्यांच्या बायकोचे माहेर चिकोडीकडचे होते. तिला दाखवतो म्हणाले, ती घरात कानडीतच भांडते.

पुस्तिका मिळाल्यावर काहींनी फोन केले, काहींनी अर्थ विचारला. एका गृहस्थांनी कळवले की त्यांनी फोनवर त्या फुग्याचा फोटो काढून यंत्राकडून भाषांतर करून घेतले आणि त्यांना सगळे समजले. त्यांनी पाठवलेले भाषांतर मी पाहिले. त्यात मूस, पाय, बाप यांतले काहीच नव्हते. मी दुरुस्त केले नाही. दुरुस्त करणे हा माझा पेशा आहे, म्हणून हे इथे नोंदवतो.

पुस्तिकेच्या प्रती घेऊन आम्ही बसने हुपरीला गेलो. दुपारची वेळ होती. आमच्या पडवीत दुपारी गल्लीतल्या बायका कड्या जोडायला बसतात. प्रत्येकीच्या हातात चिमटा, पुढ्यात ताटली. आई मधोमध बसली होती. आण्णा आत होते. पत्नी आईशेजारी बसली, तिचाही चिमटा तिथे ठेवलेला असतो, आणि तिने काम सुरू केले. त्या दोघी शेजारी बसल्या की फारसे बोलत नाहीत. आई बोट दाखवते, ती कडी उचलते.

पुस्तिका हातोहात फिरली. बायका हसल्या. कांद्याचा भाग त्यांनी दोनदा वाचला. मग शेजारच्या काकूंनी शेवटचे पान उघडले. काकू आमच्या घरी आईच्या लग्नाआधीपासून येतात आणि आम्हाला त्यांच्यापासून काही लपवता येत नाही.

"हितं काय लिवलंय गं?" त्यांनी पत्नीला विचारले.

पत्नी काम करत राहिली. काकूंनी मोर्चा आईकडे वळवला. "तुमच्या सुनंला तोंड फुटंना. तुमी सांगा."

"तमिळ हाय ते," आई म्हणाली.

"ते दिसतंय की मला. म्हंजे काय?"

"मला काय तमिळ येतंय?"

"इतकी वर्सं झाली, इचारलं न्हाईसा?"

"न्हाय."

"का ओ?"

आईने चिमट्यातली कडी बसवली, दाबली, आणि मग बोलली. "माझं बी काढलं हुतं की. ह्याच भट्टीत. माझ्या आईनं केलेलं. मी काय म्हणलं तवा?"

काकू विचार करू लागल्या. आईच्या लग्नाला त्या हजर होत्या. "तुमी काय म्हणालासा बरं... तुमी कायच न्हाई म्हणालासा."

"कायच न्हाई म्हणलं," आई म्हणाली. "ही म्हणली. तिला म्हणायचं हुतं ते तिनं म्हणलं. ते कसं का असंना, तसंच ऱ्हाऊ दे तिथं."

 आपल्या पैंजणांचे काय वाटले हे आईने आधी कधीही सांगितले नव्हते, मला नाही, माझ्या माहितीप्रमाणे आण्णांनाही नाही. आण्णा आत होते आणि दार उघडे होते. ते बाहेर आले नाहीत. पत्नीने आईकडे पाहिले नाही. तिच्या ताटलीतल्या कड्या संपल्या होत्या, म्हणून आईने आपल्या ताटलीतल्या मूठभर तिच्याकडे सरकवल्या.

काकूंनी पुस्तिका मिटली आणि पदराखाली घेतली, म्हणजे ती आता परत मिळणार नव्हती. त्यांना आणखी एक गोष्ट विचारायची होती, खरे तर त्या तीच विचारायला आल्या असाव्यात. धाकट्या भावाचे लग्न ठरले होते.

"मग आता धाकटीचं काय करायचं?" त्या म्हणाल्या. "भट्टी लावायची का न्हाई?"

"तिला इचारायचं," आई म्हणाली. "तिच्या भाषेत."

"अवं, ती नेसरीची हाय. मराठीच बोलती."

"मग तर सोपं झालं की," आई म्हणाली आणि पुढची कडी उचलली.